ख्रिस्तपुराण कसं टिकलं? चर्चमधल्या ग्रंथालयांची गोष्ट

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल इथे छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. भाषा मराठी, लिपी रोमन. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याची पुन्हा छपाई झाली. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कुठे सापडत नाही. तरी ग्रंथ आपल्या हातात आहे, कारण भाविकांनी तो हातानं उतरवून घेतला होता. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला तो नव्यानं छापला गेला. देवनागरीतलं एक हस्तलिखित तर लंडनमध्ये निघालं आणि अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी ते अभ्यासकांपुढे आणलं.

छापलेलं गेलं आणि हातानं लिहिलेलं राहिलं, याचं पहिल्यांदा नवल वाटतं. चर्चच्या ग्रंथालयांचा दीड हजार वर्षांचा इतिहास पाहिला की वाटेनासं होतं.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की प्रत्येकाला ग्रंथालयातून एक पुस्तक द्यायचं आणि त्यानं ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं, असं तिच्यात स्पष्ट सांगितलं आहे. वाचनाच्या वेळी कोणी गप्पा मारत किंवा आळसात बसलं नाही ना, हे पाहायला एकदोन वडीलधारे फेरी मारत. वाचन सक्तीचं म्हणजे पुस्तकं हवीत, आणि पुस्तकं हवीत म्हणजे नकला करणं आलंच. युरोपातल्या मठांमधली नकलाकारांची परंपरा या गरजेवर पोसली गेली.

नक्कल करणं किती महाग होतं, ते इंग्लंडमधल्या वेअरमाउथ आणि जॅरो या जोडमठांच्या कामावरून कळतं. आठव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे संपूर्ण लॅटिन बायबलच्या तीन प्रती तयार झाल्या. एकेका प्रतीत हजाराहून जास्त चर्मपत्रं, वजन चौतीस किलोच्या आसपास, आणि एका प्रतीला अंदाजे पाचशे वासरांची कातडी. ७१६ मध्ये मठाधिपती सेओलफ्रिथ एक प्रत पोपना भेट देण्यासाठी रोमकडे निघाले आणि वाटेतच वारले. आज पूर्ण टिकलेली आहे ती हीच प्रवासाला निघालेली प्रत. ती फ्लॉरेन्समध्ये आहे. मठातच राहिलेल्या दोन प्रतींपैकी एकीची फक्त काही पानं उरली आहेत.

पुस्तक एवढं मोलाचं म्हटल्यावर ते चोरीला जाणारच. त्यावर निघालेला उपाय म्हणजे साखळी. इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॅथेड्रलमध्ये सतराव्या शतकातलं असं साखळीचं ग्रंथालय अजून जसंच्या तसं उभं आहे. साखळीचं एक टोक पुस्तकाच्या पुढच्या पुठ्ठ्याच्या कडेला, दुसरं फळीच्या दांडीवर. म्हणूनच तिथली पुस्तकं कणा आत आणि पानांच्या कडा बाहेर अशी लावलेली असतात. उलट लावली तर काढताना साखळी गुंडाळली जाईल. युक्ती देखणी आहे आणि वाचकाला पुस्तकापर्यंत येऊ देणारी आहे, हे मान्य. पण साखळी थांबवते ती चोराला. पुस्तकाला आतून खाणाऱ्या गोष्टींपुढे तिचं काही चालत नाही.

त्यातली पहिली गोष्ट शाई. युरोपातली जुनी शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांपासून करत. आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात तेच हे मायफळ, ओकच्या झाडावर कीटकामुळे येणारी गाठ. तिच्यातलं टॅनिन हिराकशीतल्या लोहाशी जुळतं, आणि लिहिताना फिकट दिसणारं अक्षर हवेतल्या ऑक्सिजननं काळंभोर होत जातं. ते धुतलं जात नाही, खोडलं जात नाही, म्हणून दस्तऐवजांसाठी हीच शाई. पण या क्रियेत गंधकाम्ल तयार होतं आणि शाईत उरलेलं मोकळं लोह कागदाच्या ऑक्सिडीकरणाला वेग देतं. कागदातल्या सेल्युलोजचे लांब धागे तुटू लागतात. आधी पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी सावली उमटते, मग अक्षराच्या रेषेवरच बारीक चीर जाते, आणि शेवटी अक्षराच्या पोटातला कागद गळून पानाची जाळी होते. आपल्या जुन्या पोथ्या बहुधा काजळाच्या शाईच्या. काजळ म्हणजे कार्बन. तो कागदाशी कसलीच रासायनिक क्रिया करत नाही. पाणी पडलं तर अक्षर फुटेल, पण कागद जळणार नाही.

दुसरी गोष्ट हवा. सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि मुंबईचा पावसाळा ८० टक्क्यांच्या वर असतो. दमट हवेत कसर वाढते. तिला बांधणीतली खळ आवडते. म्हणून तर आपले बाइंडर खळीत मोरचूद घालतात. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा प्रकारही घातक. गार झालेल्या पुठ्ठ्यांवर दमट हवेतलं पाणी सुटतं. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेलं लोखंडी कपाटही तितकंच वाईट.

तिसरी गोष्ट खुद्द कागद, आणि इथे वय फसवतं. चिंध्यांच्या लगद्याचा सतराव्या शतकातला कागद आजही मऊ वाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा, तुरटी आणि राळ घातलेला स्वस्त कागद आला. तो मुळातच आम्लधर्मी. शंभर वर्षांपूर्वीची प्रार्थनापुस्तिका उघडली की पानाचा कोपरा बोटाशी तुटून येतो. आम्ल उतरवता येतं, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमच्या क्षारांनी. पण तुटलेले धागे पुन्हा जुळत नाहीत.

मुंबईच्या बाबतीत मला काळजी वाटते ती इथेच. मोठ्या संग्रहांना जाणती माणसं लाभली. फादर हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजात उभी केलेली इतिहाससंशोधन संस्था, आज त्यांच्याच नावाची, हे त्याचं ठळक उदाहरण. पण चर्चचं खरं ग्रंथालय फक्त तिथे नसतं. ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मसभेनं १५६३ मध्ये लग्नांच्या आणि बाप्तिस्म्यांच्या नोंदवह्या ठेवायचा दंडक घातला. तेव्हापासून प्रत्येक धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, कार्यालयात ही कपाटं भरत आली. वसई, उत्तन, गोराईची माणसं लग्न ठरलं की बाप्तिस्म्याचा दाखला घ्यायला जातात, तो याच वह्यांमधून. १९१७ च्या कॅनन कायद्यानं, म्हणजे चर्चच्या कायदेसंहितेनं, तर दरवर्षी या वह्यांची अधिकृत नक्कल बिशपांच्या कार्यालयात पाठवायला सांगितलं होतं. वही एका जागी आणि नक्कल दुसऱ्या जागी, हा मला त्या कायद्यातला फार शहाणा भाग वाटतो.

वह्यांना निदान हे संरक्षण मिळालं. त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतात धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, मराठी गायनाच्या वह्या, सामवेदी किंवा वाडवळी बोलीत लिहिलेली नाटुकली. त्यांची दुसरी प्रत बहुतेक वेळा नसते आणि सफाईत पहिल्यांदा रद्दीत जातात त्याही याच. मोबाइलवर काढलेले फोटो म्हणजे काही संवर्धन नव्हे, हे खरं. तरी पान सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढलेला स्वच्छ फोटो तीन वेगवेगळ्या ठिकाणी साठवला, तर ते पान शाई, कसर आणि पाऊस यांच्या तावडीतून सुटतं. सुरुवात नोंदवह्यांपासून नको. ज्याची एकच प्रत आहे त्यापासून हवी, आणि पुढचा पावसाळा लागायच्या आत.