मेनोत्तीवाद आणि बिलार्दोवाद

अर्जेंटिनाच्या फुटबॉलमधील दोन परस्परविरोधी विचारधारा. सेसार लुईस मेनोत्ती (१९३८–२०२४) आणि कार्लोस बिलार्दो (जन्म १९३८) या राष्ट्रीय संघाच्या दोन प्रशिक्षकांच्या नावांवरून त्या ओळखल्या जातात. मेनोत्ती यांच्या संघाने १९७८ मध्ये मायदेशी विश्वचषक जिंकला. बिलार्दो यांच्या संघाने १९८६ मध्ये मेक्सिकोत. एकाच देशाला आठ वर्षांत दोन जगज्जेते प्रशिक्षक मिळाले आणि त्या दोघांचे फुटबॉलबद्दल जवळजवळ कशावरच एकमत नव्हते. तिथल्या चाहत्यांमध्ये, पत्रकारांमध्ये आणि खुद्द खेळाडूंमध्येही यामुळे पडलेली फूट पुढे कित्येक वर्षे टिकली.

सुंदर खेळ की जिंकणारा खेळ, अशी या वादाची मांडणी नेहमी केली जाते. ती अपुरी आहे. जिंकायचे दोघांनाही होते. चेंडू पायाशी आल्यावर पुढे काय करायचे, हे खेळाडूने त्या क्षणी ठरवायचे की प्रशिक्षकाने आठवडाभर आधी, हा त्यांच्यातला खरा मतभेद होता. मेनोत्ती पहिल्या बाजूचे, बिलार्दो दुसऱ्या. संघनिवड, सराव, व्यूहरचना, अगदी पत्रकारांशी बोलण्याची तऱ्हा, या सगळ्यांतला फरक याच एका प्रश्नातून निघतो.

वादाची मुळे दोघांच्याही आधीची आहेत. अर्जेंटिनात फुटबॉल नेला इंग्रजांनी. पण पुढे तिथे ड्रिब्लिंग, लहान पास आणि चेंडू लडिवाळपणे पायाशी ठेवणारा एक स्वतंत्र ढंग तयार झाला. लोक त्याला ‘ला नुएस्त्रा’, म्हणजे ‘आपला खेळ’, म्हणत. १९५८ च्या स्वीडनमधील विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाने अर्जेंटिनाला ६–१ असे लोळवले आणि या अभिमानाला मोठा तडा गेला. युरोपीय संघांची तंदुरुस्ती आणि शिस्त आपल्याकडे नाही, हे उघडे पडले. ओस्वाल्दो झुबेल्दिया यांनी ला प्लाता शहरातील एस्तुदियांतेस या क्लबात या पराभवाचे आपले उत्तर शोधले. प्रतिस्पर्ध्यांचा बारकाईने अभ्यास, फ्री किक आणि कॉर्नरचा घोटून सराव, ऑफसाइडचा सापळा (बचावपटूंनी एकदम पुढे सरकून समोरच्या आघाडीवीराला नियमबाह्य जागी पकडणे), आणि समोरच्याला चिडवून त्याचा तोल घालवणे ही त्यांची हत्यारे होती. या संघाने १९६८, १९६९ आणि १९७० असा सलग तीन वेळा कोपा लिबर्तादोरेस हा दक्षिण अमेरिकी क्लबांचा चषक जिंकला आणि १९६८ मध्ये मँचेस्टर युनायटेडला हरवून युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांमधला आंतरखंडीय चषकही घेतला. पुढच्याच वर्षी मिलानविरुद्धच्या सामन्यात इतकी मारामारी झाली की त्यांच्या तीन खेळाडूंना तुरुंगाची हवा खावी लागली. टीकाकारांनी या पद्धतीला ‘अँटी-फुटबॉल’ म्हटले. त्या संघाच्या मधल्या फळीत खेळत होते कार्लोस बिलार्दो. वैद्यकीय शिक्षण घेतलेला, पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ झालेला हा खेळाडू म्हणजे मैदानावर झुबेल्दिया यांचा उजवा हातच होता.

मेनोत्ती रोसारिओचे. उंच, सडपातळ, म्हणून ‘एल फ्लाको’. ब्राझीलच्या सांतोसमध्ये ते पेलेसोबत राहिले होते आणि १९७० चा ब्राझील संघ त्यांच्या मनात कायमचा घर करून बसला. प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९७३ मध्ये ब्यूनस आयर्समधील उराकान या तुलनेने लहान क्लबाला विजेतेपद मिळवून दिले. ब्रिंदिसी, बाबिंग्टन, हाऊसमन अशी मंडळी असलेला तो संघ ‘आपला खेळ’ अजून जिवंत आहे याचा पुरावाच वाटला. १९७४ मध्ये राष्ट्रीय संघ हाती येताच मेनोत्ती यांनी राजधानीबाहेरही खेळाडू शोधले. कोर्दोबासारख्या शहरांतून गाल्वान आणि वालेन्सिया हे खेळाडू पुढे आले. विश्वचषकाच्या अंतिम चमूत परदेशी क्लबाकडून खेळणारा एकच जण होता, मारिओ केम्पेस. बाकी सगळे मायदेशातले, त्यामुळे प्रशिक्षकाला ते दीर्घकाळ एकत्र मिळाले.

मेनोत्ती यांच्या सरावात ‘छोट्या जोड्यां’ना महत्त्व होते. दोन-तीन खेळाडूंना एकमेकांच्या हालचाली न बोलता कळल्या पाहिजेत; अशा जोड्या जुळल्या की संघ आपोआप उभा राहतो, असे ते मानत. दोन्ही कडांना विंगर, म्हणजे कडेने धावणारे आक्रमक, ठेवायचे, बचावफळी पुढे सरकवून मैदान आखूड करायचे आणि चेंडू लवकर परत मिळवायचा. चाल कुठे संपवायची हे मात्र खेळाडूवर सोपवायचे. तरीही त्यांच्या पद्धतीला स्वैर म्हणणे चूक आहे. १९७८ चा संघ शारीरिकदृष्ट्या अतिशय कणखर होता आणि प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडत असे. बचावफळी पुढे सरकवून लावला जाणारा ऑफसाइडचा सापळा तर झुबेल्दियांच्या एस्तुदियांतेसनेही लावला होता. टीकाकार आणि भक्त दोघेही ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

२५ जून १९७८ रोजी मोन्युमेंतल स्टेडियमवर अर्जेंटिनाने जादा वेळेत नेदरलँड्सला ३–१ असे हरवले. केम्पेसचे दोन गोल, बेर्तोनीचा एक. मात्र नियमित वेळेच्या शेवटच्या क्षणी नेदरलँड्सच्या रेन्सेनब्रिंकचा फटका गोलखांबावर आदळला होता. तो आत गेला असता तर मेनोत्तीवाद हा शब्द बहुधा जन्मलाच नसता. या विजयावर दोन सावल्या आहेत. देशावर १९७६ पासून जनरल विदेला यांच्या लष्करी राजवटीची पकड होती आणि तिने स्पर्धेचा प्रचारासाठी पुरेपूर वापर केला. शिवाय, अंतिम फेरीसाठी किमान चार गोलांच्या फरकाने जिंकणे आवश्यक असताना पेरूवर मिळवलेल्या ६–० अशा विजयाबद्दल संशय व्यक्त झाला. तो सिद्ध मात्र कधीच झाला नाही. मेनोत्ती स्वतः डाव्या विचारांचे, कम्युनिस्ट पक्षाशी नाते असलेले. आपला संघ सत्ताधाऱ्यांसाठी नव्हे तर गॅलरीतल्या लोकांसाठी खेळला, असे ते पुढे सांगत राहिले. ज्यांच्या घरची माणसे त्या काळात बेपत्ता झाली, त्यांतल्या अनेकांना हे उत्तर पुरेसे वाटले नाही, आणि तेही समजण्यासारखे आहे.

मेनोत्ती यांनी सतरा वर्षांच्या दिएगो मॅराडोनाला १९७८ च्या संघातून वगळले होते. पुढच्या वर्षी जपानमध्ये त्यांनीच त्याच्याकडून युवा विश्वचषक जिंकून घेतला. १९८२ मध्ये स्पेनमध्ये मात्र बेल्जियम, इटली आणि ब्राझील या तिघांकडून हार पत्करावी लागली आणि मॅराडोना लाल कार्ड घेऊन बाहेर पडला. मेनोत्ती यांचे पर्व संपले.

१९८३ मध्ये आलेल्या बिलार्दो यांनी सूत्रेच उलटी फिरवली. त्यांनी पासारेलाकडून कर्णधारपद काढून मॅराडोनाला दिले. पासारेला हा १९७८ चा विजयी कर्णधार असल्याने मेनोत्ती यांच्या गोटाला हा घाव थेट लागला. बिलार्दो व्हिडिओ कॅसेट घेऊन बसत, प्रतिस्पर्ध्यांचे सामने पुन्हा पुन्हा पाहत, खेळाडूंनाही दाखवत. दुसरा क्रमांक कोणाच्या लक्षात राहत नाही, हे त्यांचे मत त्यांनी कधी लपवले नाही. शकुन-अपशकुनांवर त्यांचा गाढ विश्वास होता. विजयाच्या दिवशी जे जसे घडले, ते पुढच्या सामन्याआधी तसेच घडले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. सुरुवात अडखळती होती. १९८४ च्या जानेवारीत त्यांचा संघ नेहरू चषकासाठी कोलकात्यात आला तेव्हा भारताविरुद्ध त्याला १–० असा निसटता विजय मिळाला. १९८५ मध्ये पेरूविरुद्ध शेवटच्या टप्प्यात गारेकाने केलेल्या गोलामुळे मिळालेल्या २–२ अशा बरोबरीने विश्वचषकाचे तिकीट हाती आले. गारेकाला मात्र मेक्सिकोला नेले नाही.

बिलार्दो यांची खरी देणगी म्हणजे ३–५–२ ही रचना. १९८४ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी ती वापरली आणि स्वित्झर्लंड, बेल्जियम, पश्चिम जर्मनी या तिघांनाही हरवले. कडेचे विंगर आता फारसे उरले नाहीत, मग त्यांना रोखायला चार बचावपटू कशाला, असा त्यामागचा विचार होता. सर्वांच्या मागे राहणारा एक स्वीपर, समोरच्या आघाडीवीरांना चिकटून राहणारे दोन मार्कर आणि मधल्या फळीत पाच माणसे. मेक्सिकोत इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्याआधी त्यांनी जे केले, त्यात त्यांची सगळी पद्धत दिसते. आधीच्या सामन्यात उरुग्वेविरुद्ध विजयी गोल करणाऱ्या पास्कुल्लीला त्यांनी बाहेर बसवले आणि मधल्या फळीत एन्रिकेला घेतले. इंग्लंडच्या धिप्पाड बचावपटूंपुढे निव्वळ आघाडीवीर निष्प्रभ ठरेल, असा त्यांचा हिशोब होता. मॅराडोनाने अर्धे मैदान कापत केलेल्या त्या प्रसिद्ध गोलाच्या सुरुवातीचा साधा पास याच एन्रिकेचा.

इथे या वादातली सर्वांत विलक्षण गाठ आहे. सगळे आधी ठरवणाऱ्या प्रशिक्षकाने एका माणसाला मात्र काहीच ठरवून दिले नाही. उरलेल्या दहांची शिस्त ही त्या एकाच्या स्वातंत्र्याची किंमत होती. मेनोत्ती यांनी स्वातंत्र्य सगळ्यांना थोडे थोडे वाटले. बिलार्दो यांनी ते अख्खे मॅराडोनाच्या पायांत ओतले. मेनोत्ती यांच्या विचारांच्या जवळचा असलेला वाल्दानोही याच संघात खेळला आणि अंतिम सामन्यात त्याने गोलही केला. पश्चिम जर्मनीविरुद्धचा तो सामना ३–२ असा जिंकल्यावरही बिलार्दो नाराज होते, कारण जर्मनीचे दोन्ही गोल कॉर्नरवरून झाले होते.

१९९० मध्ये या पद्धतीची दुसरी बाजू दिसली. मॅराडोना घोट्याच्या दुखापतीने बेजार, संघ जखमी आणि थकलेला. कॅमेरूनकडून सलामीलाच पराभव, ब्राझीलवर कानिगियाच्या एकमेव गोलाने विजय, मग युगोस्लाव्हिया आणि यजमान इटली यांच्यावर पेनल्टी शूटआउटमध्ये मात. सहा सामन्यांत अवघे पाच गोल करून हा संघ अंतिम फेरीत पोहोचला. तिथे दोन खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेले आणि ब्रेमेच्या पेनल्टीने पश्चिम जर्मनी जिंकली. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोणाला लाल कार्ड मिळण्याची ती पहिलीच वेळ. पाहायला तो खेळ कंटाळवाणाच होता. पण त्या अवस्थेतला संघ रोममधल्या अंतिम सामन्यापर्यंत खेचून नेणे हे प्रशिक्षक म्हणून बिलार्दो यांचे कदाचित १९८६ पेक्षाही अवघड काम होते.

पुढच्या पिढीने या दोन नावांत सरमिसळ केली. अर्जेंटिनाचेच प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी दोघांकडून शिकल्याचे मोकळेपणाने सांगितले. एस्तुदियांतेसमध्ये बिलार्दो यांच्या हाताखाली खेळलेल्या आलेहांद्रो साबेया यांनी २०१४ मध्ये अर्जेंटिनाला अंतिम फेरीत नेले. स्पेनचे पेप ग्वार्दिओला प्रशिक्षक होण्याआधी मेनोत्ती यांना भेटायला अर्जेंटिनाला गेले होते. २०१९ पासून मेनोत्ती राष्ट्रीय संघांचे संचालक होते, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, २०२२ मध्ये लिओनेल स्कालोनी यांच्या संघाने कतारमध्ये विश्वचषक जिंकला. स्कालोनी मात्र बिलार्दो यांच्या धाटणीने जवळजवळ प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासाठी रचना बदलत होते: नेदरलँड्सविरुद्ध तीन मध्यवर्ती बचावपटू, क्रोएशियाविरुद्ध मधल्या फळीत चौघे, फ्रान्सविरुद्ध डाव्या कडेला अचानक दी मारिया.