पृष्ठभागीय सर्वेक्षण (पुरातत्त्व)

जमीन न खणता, तिच्यावर उघडी पडलेली खापरे, दगडी हत्यारे, विटांचे तुकडे, धातुमळी यांची पद्धतशीर नोंद करून प्राचीन वस्तीचा काळ, विस्तार आणि तेथील उद्योग ओळखण्याची पद्धत. उत्खननापूर्वीची चाचपणी एवढेच तिचे काम, असे बराच काळ मानले गेले. पण खड्डा एका जागेची खोली दाखवतो. एका खोऱ्यातल्या शंभर वस्त्यांपैकी कोणत्या एकाच वेळी नांदत होत्या, हे पायपीट केल्याशिवाय कळत नाही.

1915 मध्ये आल्फ्रेड क्रोबर यांनी न्यू मेक्सिकोतील झुनी गावाभोवतालच्या ओसाड वस्त्यांवरून खापरे वेचली. वस्तीगणिक खापरांच्या प्रकारांचे प्रमाण बदलते, हे पाहून त्यांनी त्या प्रमाणावरूनच वस्त्यांचा कालक्रम लावला. पुढे लेस्ली स्पायर यांनी तो उत्खननातील थरांशी ताडून पाहिला. पेरूच्या विरू खोऱ्यात गॉर्डन विली यांनी 1946 मध्ये सुरू केलेल्या कामातून संपूर्ण प्रदेशातील वस्त्यांची रचना अभ्यासण्याची वाट रुळली.

प्रत्यक्षात माणसे ठरावीक अंतर राखून रांगेने शेतातून चालतात, दिसेल ते मोजतात, निवडक चौकोनांत मात्र सगळे वेचतात. रिकाम्या चौकोनाचीही नोंद होते. हौशी संग्राहक आणि अभ्यासक यांच्यातला फरक बहुधा इथेच पडतो. वेचलेल्यांत काठाचे खापर मोलाचे. त्याचा बाक समकेंद्री वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवला की भांड्याच्या तोंडाचा व्यास मिळतो. बाहेरून काजळी असेल तर ते बहुधा चुलीवरचे. दगडाचे छिलकेही बोलके असतात. मूळ गोट्याची साल अंगावर असलेले छिलके पुष्कळ सापडले, तर दगड फोडण्याची सुरुवात तिथेच झाली असावी. नुसतेच बारीक छिलके असतील, तर हत्यारांना फक्त धार लावली गेली असावी.

खरी अडचण म्हणजे वस्तू वर कशी आली, हे ठरवणे. नांगर वरचा थर उलथापालथा करतो आणि त्यात मोठे तुकडे लहानांपेक्षा अधिक वेळा वर दिसतात. पावसाने उतारावरची माती वाहून गेली की वेगवेगळ्या शतकांच्या वस्तू एकाच पातळीवर येऊन बसतात, तर नदीच्या गाळाखाली आख्खे गाव गडप होते. देखणे नग आधीच कोणीतरी उचललेले असतात.

मेक्सिकोतील तेओतिवाकान हे सुमारे 20 चौ. किमी.चे प्राचीन शहर. रेने मिलन यांच्या गटाने 1960 च्या दशकात ते अशाच पद्धतीने नकाशावर आणले. ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखी काचेच्या, ढिगांवरून कार्यशाळा ओळखल्या. त्यांतल्या कित्येक जागा कार्यशाळा नसून कचरा टाकण्याच्या असाव्यात, असा आक्षेप पुढे घेतला गेला. ग्रीसमधील बिओशियात तर वस्त्यांच्या मधल्या शेतांतही खापरांचा विरळ सडा आढळला. घरचा कचरा शेणखताबरोबर शेतात जाई आणि त्यातून फुटकी भांडीही, असे स्पष्टीकरण जॉन बिंटलिफ व अँथनी स्नॉडग्रास यांनी दिले. ते सर्वांना पटलेले नाही.