पहिली रिफ आपण सगळे चुकीची का वाजवतो

गिटार हातात घेतलेला जवळपास प्रत्येक माणूस पहिल्या महिना-दोन महिन्यांत कधीतरी डीप पर्पल या रॉक बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा गिटारचा छोटा तुकडा, वाजवतोच, आणि त्यातले बहुतेक जण ती चुकीची वाजवतात. मीपण दोनेक वर्षं तसंच वाजवत होतो. सूर चुकत नाहीत हां, सूर सोपेच आहेत, सा कोमल ग म, मग सा कोमल ग तीव्र म आणि लगेच शुद्ध म, परत पहिला तुकडा, आणि ग वरून सा वर उतरलं की संपलं. चुकतो तो हात. आपण पॉवर कॉर्ड धरतो, म्हणजे खाली सा आणि त्याच्या वर प, आणि पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चपट्या तुकड्याने, दणादण हाणतो. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोरचं बरोब्बर उलटं आहे, त्याचा प खाली आणि सा वर, शेजारच्या दोन तारा एकाच फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांनी पडलेल्या घरात), आणि पिक नाहीच, दोन बोटांनी दोन्ही तारा एकदम खेचायच्या. पिक एका तारेवरून दुसरीवर घसरतं त्यामुळे सूर केसभर का होईना पुढेमागे पडतात, बोटांनी खेचलं की दोन्ही एकाच क्षणी सुटतात. रेकॉर्डवर जो घट्ट आवाज येतो त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

गाण्याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते म्हणून थोडक्यात. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. बँड तिथल्या कसिनोमध्ये अल्बम रेकॉर्ड करणार होता, पण ४ डिसेंबरला फ्रँक झापाच्या कॉन्सर्टमध्ये कुणीतरी फ्लेअर गन उडवली आणि कसिनो जळून गेला, धूर शेजारच्या तळ्यावर पसरला, ते गाण्याचं नाव. त्यानंतर एका थिएटरमध्ये ही चाल रेकॉर्ड करताना आवाजाची तक्रार गेली आणि पोलीस दारात आले, शब्द नंतर आले. बाकीचा अल्बम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये झाला. मार्च १९७२ मध्ये 'मशीन हेड' आला, पण अमेरिकेत हे गाणं सिंगल म्हणून गाजलं ते १९७३ मध्ये.

आता मुद्दा असा की आपला हात आपोआप पॉवर कॉर्डकडे का जातो. कारण रॉक शिकवताना पहिला आकार तोच शिकवतात, आणि तो आकार काही कुणा पंडिताने बसून ठरवलेला नाही, तो बिघडवलेल्या ॲम्पमधून, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरमधून, आलाय. १९५८ मध्ये गिटारवादक लिंक रे ने 'रंबल' रेकॉर्ड करताना आवाज फाटका यावा म्हणून स्पीकरला पेन्सिलने भोकं पाडली. १९६४ मध्ये किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या ॲम्पचा स्पीकर ब्लेडने चिरला. आवाज असा फाटला की प्रत्येक सुरातून जास्तीचे सूर निघायला लागतात, त्यात गंधार घातला तर नुसता चिखल होतो, पण सा आणि प किंवा सा आणि म एवढेच ठेवले तर दोघं मस्त जमतात. म्हणून गंधार गळाला. म्हणजे ब्लॅकमोरचा प-सा आणि आपला सा-प ही एकाच घरातली भावंडं आहेत, फक्त कुणीतरी सोयीसाठी एकच सगळ्यांना शिकवलं आणि दुसरं मागे पडलं.

आणि हे "गाणं घ्या आणि त्यातून टेक्निक शिका" प्रकरण आजकालचं नाहीच, रॉक गिटार जन्मल्यापासून अशीच शिकली गेलीये. रॉक अँड रोलवाल्या चक बेरीच्या 'जॉनी बी. गुड'ची (१९५८) सुरुवातीची ती प्रसिद्ध फ्रेज जवळपास जशीच्या तशी लुई जॉर्डनच्या १९४६ च्या एका गाण्यात कार्ल होगन वाजवून गेलाय. चक बेरीने ती उचलली, त्याच्याकडून निम्म्या जगाने उचलली. १९६१ मध्ये डार्टफर्ड स्टेशनवर पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गाजलेल्या कीथ रिचर्ड्सची मिक जॅगरशी गाठ पडली तीसुद्धा जॅगरच्या हातात चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्ड होत्या म्हणून. या लोकांचा क्लास म्हणजे रेकॉर्ड, दुसरं काही नाही.

बेंडचंही तेच. बेंड म्हणजे आपली मींडच, तार दाबून बाजूला ओढायची आणि सूर वर न्यायचा. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगला नात्यातल्या बुका व्हाइटसारखी स्लाइड, म्हणजे तारेवर नळी घसरवून वाजवणं, काही जमेना म्हणून त्याने तो आवाज बोटानेच थरथरवून काढायला सुरुवात केली, आणि त्या न जमण्यातून जे निघालं ते पुढे प्रत्येक रॉक सोलोत आलं. पण त्या काळच्या तारा जाड असायच्या, तिसरीलाही वेढे, ओढली तर बोटं सोलायची, त्यामुळे जेम्स बर्टनसारखे लोक बॅन्जोची बारीक तार आणून वरती लावायचे. १९६२ मध्ये अर्नी बॉलने तयार पातळ सेट विकायला काढले तेव्हा कुठे हा जुगाड संपला. आज आपण पहिल्याच दिवशी पूर्ण सुराचा बेंड मारतो ना, ते या लोकांमुळे.

ऐकून शिकायचं म्हणजे करायचं काय, तर तेव्हाच्या बऱ्याच रेकॉर्ड प्लेअरवर १६ ची स्पीड, म्हणजे मिनिटाला साधारण १६ फेरे, असायची. ३३ ची एलपी त्यावर लावली की वेग निम्मा होतो आणि सूर बरोब्बर एक सप्तक खाली जातात, म्हणजे पट्टी तीच राहते, गिटार परत लावायला नको. सुई उचला, मागे ठेवा, परत उचला, रेकॉर्डचं वाटोळं झालं तरी चालेल पण सोलो हाताला लागला पाहिजे. (व्हॉयेजर यानांसोबत १९७७ मध्ये जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली तिच्यात 'जॉनी बी. गुड' आहे, आणि ती तबकडीसुद्धा १६ वरच वाजवायची आहे.)

मग टॅब आले, म्हणजे कुठल्या तारेवर कुठल्या फ्रेटला बोट ठेवायचं ते आकड्यांनी लिहिलेला कागद. टॅब तसे फार जुने, सोळाव्या शतकात ल्यूटवाले तेच वापरायचे, पण रॉकवाल्यांच्या हातात ते मासिकांतून पडले आणि १९९२ च्या सुमारास इंटरनेटवर ओल्गा नावाचा फुकट साठा सुरू झाला, जो पुढे संगीत प्रकाशकांच्या नोटिसांमुळे २००६ मध्ये बंद पडला. सोय झाली यात वादच नाही. पण टॅब सांगतो बोट कुठे ठेवायचं, बाकी उजव्या हाताबद्दल बहुतेक वेळा एक शब्द नाही, आणि साठ्यातले बरेच टॅब हौशी लोकांनी अंदाजाने लिहिलेले, एकाने चूक केली की दुसरा तीच उतरवायचा. माझी ती दोन वर्षं यातच गेली. कानाने शिकणाऱ्याचीही चूक व्हायची, पण त्याची चूक त्याची स्वतःची असायची, तो परत ऐकून खटकलं की बदलायचा, आम्ही मात्र कागदावर आहे म्हणजे बरोबरच असणार म्हणून गप्प.

यूट्यूब २००५ मध्ये आलं आणि हात दिसायला लागले. एका क्लिपमध्ये ब्लॅकमोरचा उजवा हात जवळून बघितला, तीनदा मागे घेऊन बघितला, मग पिक बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा ती रिफ रेकॉर्डसारखी वाजली. सवय मोडायला पुढे तीन आठवडे गेले. अजूनही घाईत असलो की हात आधी पिकच शोधतो.