‘प्रोरोग’ : अधिवेशनाचे सूप वाजते तेव्हाचे क्रियापद

डिसेंबरात नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात मोर्चे, बंदोबस्त आणि आमदारांची वर्दळ असते. मग एके दिवशी मथळा येतो : ‘हिवाळी अधिवेशनाचे सूप वाजले’. अधिवेशन असे संपवण्याला इंग्रजीत ‘प्रोरोग’ हे क्रियापद आहे. एरवीच्या बोलण्यात ते जवळपास नाहीच.

मुळात त्याचा अर्थ अगदी उलटा होता. लॅटिनमध्ये ‘रोगारे’ म्हणजे विचारणे आणि ‘प्रो’ म्हणजे पुढे. रोममध्ये एखाद्याची मुदत वाढवायची तर लोकांना विचारावे लागे. इ.स.पू. ३२६ च्या सुमारास पब्लिलियस फिलो या कॉन्सलची, म्हणजे रोमच्या निवडून आलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्याची, मुदत संपत आली, पण नेआपोलिसचा, म्हणजे आजच्या नेपल्सचा, वेढा चालूच होता. तेव्हा युद्ध संपेपर्यंत त्याचा सेनाधिकार वाढवण्यात आला. तेच हे ‘प्रोरोग’. कायदा रद्द करण्याचे ‘अ‍ॅब्रोगेट’ हे क्रियापदही याच ‘रोगारे’चे.

फ्रेंचमार्गे पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तोही ‘लांबवणे’ याच अर्थाने. लांबवणे म्हणजे पुढे ढकलणे. राजा संसदेचे काम पुढच्या तारखेवर ढकलू लागला आणि तोवर सत्र बंद, असा अर्थ रुळला. मला या शब्दाचे हेच वळण फार मोलाचे वाटते : सभागृह मोडत नाही, फक्त त्याचे सत्र मिटते.

आपल्याकडे हा भेद नीट सांभाळलेला आहे. बैठक तहकूब करतात अध्यक्ष. सत्रसमाप्ती, म्हणजेच ‘प्रोरोग’, करतात राज्यपाल, संविधानाच्या अनुच्छेद १७४ नुसार. विसर्जन तर निराळेच, त्यात विधानसभाच संपते. बातम्यांत ‘तहकूब’ आणि ‘संस्थगित’, म्हणजे सत्रसमाप्ती झालेले, यांची सरमिसळ होते, ती टाळायला हवी. ब्रिटनमध्ये सत्रसमाप्तीबरोबर बरीचशी अपुरी विधेयके बाद होतात. आपल्याकडे अनुच्छेद १९६ मुळे ती टिकतात. म्हणून नागपुरात अपुरे राहिलेले विधेयक मुंबईच्या अधिवेशनात पुढे चालू शकते.

ब्रिटनमध्ये २०१९ साली हा शब्द घरोघरी पोहोचला. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून झालेली सत्रसमाप्ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी २४ सप्टेंबरला एकमताने बेकायदा ठरवली.

नागपूरला हा शब्द दरवर्षी ऐकू यावा याची सोय २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने केली. विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन इथे व्हावे असे त्यात ठरले आणि १९६० पासून ते इथे भरू लागले.