छुपा व्हॉल्यूम करून घेण्याआधी

आमच्याकडे हार्ड डिस्क एन्क्रिप्ट करून घेण्यासाठी येणारे काही ग्राहक ‘छुपा व्हॉल्यूम’, म्हणजे डिस्कवरचा दडवलेला कप्पा, मागतात. तो कसा चालतो आणि कुठे फसतो, हे पैसे भरण्याआधी आपल्याला ठाऊक असावे, म्हणून हे माहितीपत्रक.

साध्या एन्क्रिप्शनमध्ये पासवर्डाशिवाय मजकूर वाचता येत नाही, पण तो तिथे आहे हे दिसते. कोणी धाक घालून पासवर्ड मागितला तर ‘माझ्याकडे काही नाही’ असे म्हणायला जागा उरत नाही. छुपा व्हॉल्यूम ही नाकारण्याची सोय देतो. व्हेराक्रिप्ट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एका पासवर्डाने बाहेरचा व्हॉल्यूम उघडतो आणि दुसऱ्याने त्याच्याच रिकाम्या जागेत दडवलेला आतला. जुन्या वाड्यांतल्या भिंतीत बळद असे, तसाच हा प्रकार. मात्र भिंत ठोकून पाहिली तर बळद पोकळ वाजते, आणि इथे तसा आवाजच येऊ नये अशी योजना असते.

ती योजना अशी, की व्हॉल्यूम तयार होताना त्याची सगळी जागा निरर्थक, क्रमहीन आकड्यांनी भरली जाते. पहिले 64 केबी बाहेरच्या व्हॉल्यूमच्या हेडरचे (तो उघडण्यासाठी लागणारी माहिती असलेल्या भागाचे) आणि पुढचे 64 केबी आतल्याच्या हेडरसाठी राखलेले असतात. आतला व्हॉल्यूम केलाच नसेल तर तिथेही तसेच आकडे असतात, आणि पासवर्ड नसलेल्याला या दोन स्थितींतला फरक सांगता येत नाही. 500 जीबीच्या डिस्कला काही तास लागतात ते यामुळेच, तेव्हा कृपया ‘क्विक फॉरमॅट करून टाका’, म्हणजे जागा न भरताच काम उरका, असा आग्रह धरू नये.

सर्वांत मोठा धोका चोराचा नसून स्वतः मालकाचा असतो. फक्त बाहेरचा पासवर्ड दिला, तर आत काही आहे हे व्हेराक्रिप्टलाही कळत नाही. ते सगळी जागा रिकामी समजते आणि आपण त्यात लग्नाचे व्हिडिओ भरत गेलात, तर आतला मजकूर कायमचा पुसला जातो. त्यामुळे बाहेरच्या व्हॉल्यूममध्ये काही ठेवायचे असेल, तेव्हा दोन्ही पासवर्ड देऊन छुपा व्हॉल्यूम सुरक्षित ठेवण्याचा पर्याय निवडावा. बाहेरचा व्हॉल्यूम ओसाड ठेवूनही चालत नाही, कारण पाच वर्षांपूर्वीच्या दोन फायलींसाठी कोणी एवढी डिस्क कुलपात ठेवत नाही. विवरणपत्रे, बँकेचे उतारे असे खरोखर जपण्यासारखे कागद तिथे असावेत.

डिस्क गप्प राहिली तरी संगणक बोलतो. 2008 मध्ये ब्रूस श्नायर आणि वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी, व्हेराक्रिप्टची पूर्वज असलेल्या ट्रूक्रिप्टच्या बाबतीत, विंडोजचे शॉर्टकट आणि वर्डच्या आपोआप साठवलेल्या प्रती छुप्या फायलींचा सुगावा देतात हे दाखवून दिले होते. अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी तर कोणीही पाहू शकतो. एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्क) आणि बरेच पेनड्राइव्ह लिहिण्याच्या जागा आपल्या आपण बदलतात, त्यामुळे जुन्या प्रती मागे राहू शकतात. म्हणून हे काम आम्ही फिरत्या तबकडीच्या साध्या हार्ड डिस्कवरच करतो. त्याच डिस्कची महिन्यापूर्वीची नक्कल कोणाच्या हाती असेल, तर ‘रिकाम्या’ जागेत झालेले बदलही नजरेत भरतात.

कायद्यापासून पळवाट म्हणून ही सोय मागू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 69 नुसार, एन्क्रिप्ट केलेली माहिती उघडून देण्याच्या अधिकृत निर्देशाला साहाय्य नाकारल्यास 7 वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. तशी वेळ आल्यास आमच्याकडे न येता वकिलाकडे जावे.

आमचे प्रामाणिक मत असे, की दुकानदार, डॉक्टर किंवा हिशेबनीस यांना साधे एन्क्रिप्शन पुरते, कारण त्यांची खरी भीती डिस्क रिक्षात विसरण्याची असते. तरीही छुपा व्हॉल्यूम हवाच असेल, तर आतला मजकूर दुसऱ्या एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर आधी उतरवून ठेवावा आणि कामासाठी रिकामी डिस्क आणावी. दोन्ही पासवर्ड आपणच टाइप करावेत. आम्ही तेव्हा खोलीबाहेर थांबतो. पासवर्ड विसरल्यास आम्हालाही ती डिस्क उघडता येणार नाही.