मेळा (गणेशोत्सवातील)

मेळा : सार्वजनिक गणेशोत्सवात पदे, संवाद, नकला व छोटी नाट्ये सादर करणारा हौशी गायक-नटांचा संच. हा संच बहुधा एकाच पेठेतील, आळीतील किंवा चाळीतील मुलांचा असे. संचाला मेळा म्हणत आणि त्याच्या कार्यक्रमालाही. पुण्यात मेळे सु. १८९४ पासून दिसू लागतात. पुढे मुंबई, नाशिक आणि महाराष्ट्रातील इतर गावांत ते रूढ झाले व विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मागे पडले. कीर्तन, तमाशा किंवा संगीत नाटक यांसारखा हा कोणा एका व्यावसायिक वर्गाचा कलाप्रकार नव्हता. वर्षातले दहा दिवस वस्तीने स्वतःसाठी उभे केलेले ते व्यासपीठ होते, आणि मेळ्याची बरीचशी वैशिष्ट्ये यातूनच आली आहेत.

‘मेळा’ शब्दाचा संबंध संस्कृत ‘मिल्’ (भेटणे, एकत्र येणे) या धातूशी आहे. हिंदीत ‘मेला’ म्हणजे प्रामुख्याने जत्रा. मराठीत त्या अर्थी जत्रा, यात्रा, उरूस हे शब्द असल्याने मेळा शब्दाला ‘जमलेली मंडळी’ हा अर्थ मोकळा राहिला. ‘संतांचा मेळा’, ‘वैष्णवांचा मेळा’ ही वारकरी परंपरेतील वापरणी याच अर्थाची. कुंभमेळा हा ठळक अपवाद. गणेशोत्सवातील संचाला हा शब्द लागला तेव्हा तो भजनाच्या अंगानेच आला असावा. मेळ्याच्या उगमाच्या वादात या साध्या भाषिक पुराव्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

उगम : मेळ्याच्या उगमाचा प्रश्न सार्वजनिक गणेशोत्सवाच्या उगमाच्या प्रश्नात अडकलेला आहे आणि दोन्ही प्रश्न वादाचे आहेत. पेशवाईत शनिवारवाड्यातील गणेश रंगमहालात उत्सव थाटाने होत असे, पण तो दरबारी उत्सव होता. पेठेतील लोकांनी वर्गणी काढून मांडव घालावा, ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. तिची सुरुवात नेमकी कोणी व केव्हा केली याविषयी पुण्यातील मंडळांची एकवाक्यता नाही. गुरुजी तालीम मंडळाची परंपरा १८८७ हे वर्ष सांगते व उत्सवाच्या आरंभी हिंदू आणि मुस्लिम दोन्ही समाजांतील मंडळी होती असे मानते. शालूकर बोळातील भाऊसाहेब लक्ष्मण जावळे ऊर्फ भाऊ रंगारी यांचे मंडळ १८९२ हे वर्ष मानते. रंगारी हे पेशाने वैद्य. त्यांच्याकडील गणपती नेहमीप्रमाणे मोदक हाती घेऊन बसलेला नसून असुराचा वध करणारा आहे. कृष्णाजीपंत खासगीवाले यांनी ग्वाल्हेरचा उत्सव पाहून पुण्यात तसा उत्सव करण्याची कल्पना मांडली, असाही वृत्तांत आहे. त्यात खासगीवाले, रंगारी आणि गणपतराव घोटवडेकर ही तीन नावे एकत्र येतात. मुंबईत गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासूनचा. लोकमान्य टिळकांनी सप्टेंबर १८९३ मध्ये केसरीतून या नव्या प्रथेचे कौतुक केले आणि १८९४ मध्ये विंचूरकर वाड्यात गणपती बसवला. टिळकांना ‘जनक’ म्हणावे की ‘प्रवर्तक’, हा वाद आजही वर्तमानपत्रांतून दरवर्षी भाद्रपदात उपटतो. प्रस्तुत नोंदीपुरते एवढे पुरे की उत्सवाचे पहिले वर्ष १८८७, १८९२, १८९३ यांपैकी कोणतेही धरले, तरी मेळ्याचे साल त्याने हलत नाही. गणवेश घातलेले, तालीम केलेले, स्वतःचे नाव असलेले मेळे म्हणून जे ओळखले गेले, त्यांचे उल्लेख १८९४ पासूनच मिळतात.

दुसरा वाद स्वरूपाचा. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. त्याआधी पुण्यातील हिंदू मोहरममध्ये मोठ्या संख्येने भाग घेत, ताबुतांपुढे नाचत-गात आणि सोंगे घेत. मोहरमच्या ‘टोळ्या’ म्हणजे एकसारखा पोशाख करून, तालावर पावले टाकत, एकाने म्हटलेली ओळ बाकीच्यांनी उचलावी अशा रीतीने गात जाणारे गट. १८९४ चा मोहरम जुलैत आला. त्यावर पुण्यातील अनेक हिंदूंनी बहिष्कार घातला, आणि दोनच महिन्यांनी आलेल्या गणेशोत्सवात मेळे निघाले. हा क्रम पाहून तत्कालीन सरकारी अधिकाऱ्यांनी मेळा ही टोळीची सरळ नक्कल ठरवली. रिचर्ड कॅशमन यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनीही टोळी हाच मेळ्याचा नमुना मानला, मात्र त्यामागील राजकारणाचा अर्थ अधिक सावधपणे लावला. याउलट ज. स. करंदीकर यांनी संपादिलेल्या उत्सवाच्या साठ वर्षांच्या इतिहासाचा (१९५३) आणि एकंदर मराठी लेखनाचा रोख कीर्तन, भजनी दिंडी, गोंधळ आणि शाहिरी या देशी परंपरांकडे आहे.

दोन्ही मते एकमेकांना खोडणारी नाहीत. रस्त्यावरून फिरणे, गणवेश, दोन रांगा, लेझीम किंवा टिपऱ्या ही बाह्य घडण टोळीशी इतकी जुळते की संबंध नाकारणे अवघड आहे. शिवाय कालपर्यंत टोळीत नाचणारी मुलेच आज मेळ्यात उभी होती. पण पदांची घडण पाहिली की चित्र बदलते. आरंभी नमन, मग ध्रुपद (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) व कडवी, मध्ये झील धरणे (साथीदारांनी ओळ उचलून म्हणणे), शेवटी आरती किंवा जयजयकार, हा सांगाडा मराठी गायकाला टोळीकडून घ्यावा लागला नसता, तो त्याच्या तोंडी होताच. सोंगे आणि नकला तर शिमग्यातही होत्या.

पहिल्याच वर्षी मेळ्यांभोवती संघर्ष झाला. सप्टेंबर १८९४ मध्ये तात्यासाहेब नातू यांचा मेळा पुण्यातील दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून वाजत जात असताना हाणामारी झाली. मशिदीपुढे वाद्ये वाजवण्याचा प्रश्न त्यापुढे कित्येक वर्षे मेळ्यांच्या परवान्यांना चिकटून राहिला.

सादरीकरण : सुरुवातीचा मेळा फिरता होता. मुले मावळ्यांच्या किंवा तत्सम एकसारख्या वेशात, फेटे बांधून, एका मांडवातून दुसऱ्या मांडवाकडे गात जात. एका रात्री तीन-चार ठिकाणी हजेरी लागे. यजमान मंडळ नारळ व विडा देई. चालता चालता म्हणायचे पद वेगळे आणि गणपतीपुढे उभे राहून म्हणायचे वेगळे. पहिल्याला पावलात बसेल असा ठोक ताल आणि आखूड ओळी लागत. दुसऱ्याला साकी, दिंडी, कटाव हे पद्यप्रकार, पोवाडा, काहीही चाले. साथीला आधी टाळ, झांज, ढोलकी. पुढे पेटी आणि तबला आल्यावर मेळा हळूहळू मांडवात स्थिरावला, कारण पेटी गळ्यात अडकवून गाता येते पण वाजवणाऱ्याचे हाल होतात. मेळा थांबला तसे संवाद लांबले, पडदा आला, आणि पदांच्या मालिकेचे छोटे नाटक होऊ लागले.

चाली बहुतेक उसन्या असत. किर्लोस्कर नाटक मंडळीने १८८० पासून संगीत नाटकाची गोडी लावली होती. लोकप्रिय नाट्यपदाच्या चालीवर नवे शब्द बसवणे हे मेळ्याच्या कवीचे मुख्य काम, आणि नंतरच्या काळात नाट्यपदाची जागा चित्रपटगीतांनी घेतली. मेळ्याच्या पदांची छापील चोपडी म्हणजे हातात मावणारी, स्वस्त कागदावरची, थोड्या पानांची. मुखपृष्ठावर मेळ्याचे नाव, पेठ आणि साल. आत प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ आणि पुढे मूळ पदाचे पहिले दोन-तीन शब्द. स्वरलेखन नाही, रागाचे नाव क्वचित. मूळ पद ज्याच्या ओठांवर आहे त्यालाच ही चोपडी गाता येते. आज हाती लागणाऱ्या अनेक चोपड्यांतील मूळ नाट्यपदे विस्मरणात गेल्याने शब्द आहेत आणि चाल गेली, अशी त्यांची अवस्था आहे.

तालमी आषाढ-श्रावणात सुरू होत. जागा म्हणजे वाड्याचा चौक, देवळाचा सभामंडप किंवा व्यायामाची तालीम. एकाच ‘तालीम’ शब्दात आखाडा आणि सराव दोन्ही बसतात ही पुण्यापुरती तरी निव्वळ योगायोगाची गोष्ट नाही. पदे बसवणारे ‘मास्तर’ बहुधा शाळाशिक्षक किंवा नाटक कंपनीतून बाहेर पडलेले गायक असत. स्त्रीभूमिका मुलगेच करीत. पुढे मुली मेळ्यात येऊ लागल्या, तेव्हा मुलामुलींचा संमिश्र मेळा असावा की नसावा यावर सनातनी व सुधारक यांच्यात बरीच शाई खर्च झाली. संगीत किंवा अभिनय या क्षेत्रांत पुढे गेलेल्या अनेकांची रंगमंचाशी पहिली ओळख मेळ्यातच झाली.

राजकारण आणि नियंत्रण : मेळ्यांविषयी सर्वाधिक लिहिले गेले आहे ते याच अंगाने, कारण पोलीस अहवाल आणि वर्तमानपत्रे यांचे लक्ष पदांच्या आशयावर होते, गळ्यावर नव्हते. पुण्यातील सन्मित्र समाज मेळा या प्रकारातील सर्वांत नावाजलेला. स्वदेशी, बहिष्कार, शिवचरित्र, दारूबंदी हे विषय पुराणकथेच्या आडून येत. कंस किंवा रावण कोण, हे श्रोत्यांना वेगळे सांगावे लागत नसे. नाशिकला सावरकर बंधू व त्यांच्या सोबत्यांनी सु. १८९९–१९०० मध्ये स्थापलेल्या ‘मित्रमेळ्या’ने तर हे नावच गुप्त संघटनेच्या दर्शनी बाजूसाठी वापरले. १९०४ मध्ये तिची अभिनव भारत झाली. कवी गोविंद (गोविंद त्र्यंबक दरेकर) यांची पदे या वर्तुळातली. १९०८ मध्ये टिळकांना मंडालेची शिक्षा झाली आणि त्यानंतर, विशेषतः १९१० च्या सुमारास, पदे आधी पोलिसांना दाखवून मंजूर करून घेण्याच्या अटी आल्या व काही पदांवर बंदी आली. मेळे रोडावले. १९१४ मध्ये टिळक सुटून आल्यानंतर त्यांना पुन्हा जोर चढला.

१९२० मध्ये टिळकांचे निधन झाले आणि मेळ्यांत नवी फळी उभी राहिली. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या पुढाकाराने सु. १९२२ मध्ये पुण्यात छत्रपती मेळा निघाला. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचाराची पदे, ब्राह्मणी वर्चस्वावर बोचरी टीका आणि टिळकपंथीयांची टिंगल हे त्याचे वैशिष्ट्य. सन्मित्र मेळ्याने उत्तरे दिली, ती सौम्य नव्हती. दोन पेठांतील मुले एकमेकांच्या पदांना पदांनी उत्तर देत आहेत आणि ऐकायला सगळे शहर लोटले आहे, हे दृश्य काही वर्षे पुण्याने पाहिले. प्रकरण अनेकदा हातघाईवरही आले. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासांत छत्रपती मेळ्याला तळटीपेइतकी जागा मिळते, ती अपुरी आहे. मेळा हे टिळकपक्षाचे हत्यार होते हे खरेच, पण ते त्याच पक्षावर उलटवता आले, ही गोष्ट या प्रकाराविषयी अधिक सांगते. सत्यशोधक व आंबेडकरी जलसे (गाणी व नाट्यांतून प्रबोधन करणारे कार्यक्रम) हे मेळ्यांहून वेगळे. त्यांची नाळ तमाशाशी आहे, उत्सवाशी नाही.

मुंबईतील मेळे गिरगावच्या चाळींत व गिरणगावात होते. तेथे कोकणातून आलेल्या कामगारांच्या नमन-खेळे, भजन या प्रकारांशी त्यांची सरमिसळ झाली.

ऱ्हास : १९४० नंतर मेळ्याची कामे वाटली गेली. राजकीय प्रचार कलापथकांकडे गेला. राष्ट्र सेवा दल (१९४१) आणि अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक (१९४४) ही त्यांतील प्रमुख. ही पथके उत्सवावर अवलंबून नव्हती. मनोरंजन ध्वनिवर्धक, वाद्यवृंद आणि रस्त्यावर पडदा लावून दाखवलेले चित्रपट यांकडे गेले. ध्वनिवर्धकाचा परिणाम बहुधा सर्वांत मोठा. पंचवीस मुलांनी मिळून जो आवाज काढायचा तो एका तबकडीतून निघू लागला. दोन महिन्यांच्या तालमीपेक्षा एका रात्रीची सुपारी मंडळांना सोयीची झाली, आणि वस्तीतली पोरे मांडवातून उतरून समोरच्या सतरंजीवर बसली. स्वातंत्र्यानंतर पदांना लक्ष्य उरले नाही म्हणून मेळे संपले, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. छत्रपती आणि सन्मित्र मेळ्यांचे भांडण पाहता ते अर्धेच पटते.

पुण्यातील ढोल-ताशा पथकांचे आजचे रूप विसर्जन मिरवणुकीत १९७० च्या दशकापासून आकाराला आले. त्याचे श्रेय सामान्यतः ज्ञान प्रबोधिनीच्या आप्पा पेंडसे यांना दिले जाते. आषाढापासून नदीकाठी सराव, गणवेश, पथकाचे नाव आणि त्या नावाचा अभिमान या बाबतींत पथक मेळ्याच्या जवळचे आहे. शब्द मात्र त्यात नाहीत. ‘मेळा’ ही संज्ञा आता कार्यकर्त्यांचा मेळावा, स्नेहमेळावा अशा रूपांतच अधिक ऐकू येते. सोसायट्यांच्या गणपतीत मुलांनी बसवलेल्या नाटुकल्याला मेळा म्हणण्याची सवय काही जुन्या कुटुंबांत टिकून आहे.