लहान मोहीम-जहाजावरील केबिनची निवड

अंटार्क्टिका, स्वालबार, गालापागोस बेटे अशा दुर्गम भागांत डझन-दीड डझनापासून दोनशेपर्यंत प्रवासी नेऊन त्यांना रबरी झोडियाक बोटींतून किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजांना मोहीम-जहाजे किंवा एक्स्पिडिशन जहाजे म्हणतात. अशा जहाजावर राहण्याची खोली ठरवताना ऐपत आणि हौस यांच्याआधी समुद्राचा विचार करावा लागतो. खास या पर्यटनासाठी बांधलेले पहिले जहाज ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’ १९६९ साली फिनलंडमध्ये तयार झाले. त्याची लांबी जेमतेम ७३ मीटर होती. आजची बरीच मोहीम-जहाजे त्याहून मोठी असली, तरी तीनशे मीटरांचे अवाढव्य क्रूझ जहाज ज्या लाटेवर किंचित हलते, तिच्यावर ही चांगलीच नाचतात. त्यामुळे केबिन जहाजात नेमकी कुठे आहे, यावर प्रवाशाची झोप आणि जेवण दोन्ही अवलंबून असते.

जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलते. डावी-उजवीकडे कलणे म्हणजे रोलिंग, आणि नाळ म्हणजे जहाजाचे पुढचे टोक वर जाऊन मागचा भाग खाली जाणे, मग उलट, हे पिचिंग. रोलिंगचा त्रास उंचीबरोबर वाढतो. जहाज २० अंश कलले, तर कलण्याच्या अक्षापासून ३ मीटर उंचीवरची केबिन साधारण १ मीटर बाजूला सरकते. १२ मीटर उंचीवरची ४ मीटरांहून जास्त सरकते, आणि लगेच तितकीच परत येते. पिचिंगचा त्रास लांबीच्या मध्यापासूनच्या अंतराबरोबर वाढतो. नाळेजवळच्या केबिनमध्ये माणूस पलंगावरून क्षणभर उचलल्यासारखा होतो आणि पुढच्याच क्षणी गादीत रुतल्यासारखा. बोट लागण्याला सर्वांत जास्त कारण ठरते ती हीच वर-खाली होणारी हालचाल, विशेषतः पाच-सहा सेकंदांत एक फेरी पूर्ण करणारी. म्हणून सर्वांत शांत जागा एकच: जहाजाच्या लांबीच्या मध्याजवळ आणि खालच्या डेकवर. बहुतेक कंपन्यांचे भाडे डेकच्या उंचीप्रमाणे चढते, आणि हेलकावेही. सर्वांत महागडा सूट वरच्या डेकवर आणि पार पुढे असतो, तेव्हा प्रवासी जादा पैसे मोजून जादा हेलकावेही विकत घेतो.

बहुतेक नव्या जहाजांना स्टॅबिलायझर असतात. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पसरणारे हे पंख रोलिंग बरेच कमी करतात, पण ते बहुधा जहाज वेगात असतानाच नीट काम करतात, आणि बर्फात शिरताना आत ओढून घ्यावे लागतात. पिचिंगवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे स्टॅबिलायझर असलेल्या जहाजावर डेक कितवा यापेक्षा केबिन मध्यापासून किती दूर आहे याला जास्त महत्त्व द्यावे. नॉर्वेच्या उल्स्टाइन कंपनीने आखलेली मागे झुकलेली ‘एक्स-बो’ नाळ लाटेवर आदळण्याऐवजी तिच्यात शिरते आणि धक्के सौम्य करते. ‘ग्रेग मॉर्टिमर’ या २०१९ सालच्या जहाजापासून ती प्रवासी मोहिमांमध्ये आली.

हा सगळा हिशेब कोणत्या मार्गाला लागू आहे तेही पाहावे लागते. दक्षिण अमेरिकेचे टोक आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी सुमारे ८०० किमी रुंद आहे. त्या अक्षांशांवर पश्चिमी वाऱ्यांना अडवणारी जमीन पृथ्वीभोवती कुठेच नाही, आणि जाताना व येताना साधारण दोन-दोन दिवस या पाण्यात काढावे लागतात. इथे मधल्या भागातली साधी केबिन सूटपेक्षा सुखाची ठरू शकते. उलट, फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमध्ये आत घुसलेल्या अरुंद खाडीत, किंवा द्वीपकल्पाच्या आडोशाच्या पाण्यात जहाज फारसे हलत नाही, तिथे वरचा डेक खुशाल घ्यावा. गालापागोसमध्ये लहान जहाजे बहुधा रात्रीच एका बेटाहून दुसऱ्या बेटाकडे जातात, त्यामुळे हेलकावे आणि इंजिनाचा आवाज दोन्ही ऐन झोपेच्या वेळी वाट्याला येतात.

आवाजाचा भूगोल ठरलेला असतो. इंजिन सहसा मागच्या भागात खाली असते. पुढच्या भागात नांगराची साखळी असते. पहाटे एखाद्या खाडीत नांगर पडला की त्या टोकाच्या केबिनमध्ये कुणी झोपून राहत नाही. जहाज जागेवर वळवणारा बो थ्रस्टरही तिथेच गुरगुरतो. पाणरेषेजवळच्या केबिनमध्ये बर्फाचे तुकडे पत्र्यावर घासल्याचे ऐकू येते. काहींना ते फार आवडते. डोक्यावर भोजनगृह किंवा लाउंज असेल, तर खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, आणि ते कुणालाच आवडत नाहीत.

खिडकीवर लोक जितका खल करतात तितके तिचे महत्त्व नसते. खालच्या डेकवर गोल पोर्टहोल असतात. वादळी हवेत त्यांच्यावर आतून धातूची झाकणे बसवतात, म्हणजे दिवसभर केबिनमध्ये दिवा लावूनच बसावे लागते. जुन्या जहाजांवर मधल्या डेकच्या मोठ्या खिडक्या चालण्याच्या मार्गावर उघडतात, त्यामुळे पडदा ओढलेलाच ठेवावा लागतो. काही खिडक्यांसमोर लाइफबोट टांगलेली असते; हे केबिनच्या फोटोत दिसेलच असे नाही. बाल्कनी उष्ण प्रदेशात सुखाची, पण ध्रुवीय वाऱ्यात तिथे दहा मिनिटे उभे राहणे अवघड, आणि खवळलेल्या समुद्रात तिचे दार बंद ठेवण्याची सूचना येते. देवमासे दिसल्याची घोषणा झाली की सगळे मोकळ्या डेककडेच धावतात, कारण ते कोणत्या बाजूला वर येतील हे आधी ठरलेले नसते. डावी की उजवी बाजू हा प्रश्न म्हणूनच अंटार्क्टिकात गौण आहे. जहाज सतत दिशा बदलते. एका दिशेने किनाऱ्याकडेने जाणाऱ्या सफरीत मात्र तो विचारावा. ध्रुवीय उन्हाळ्यात रात्रभर उजेड असतो, तेव्हा प्रकाश पूर्ण अडवणारे पडदे मिळणे हे खिडकीच्या आकारापेक्षा मोलाचे.

अंटार्क्टिकातील सफर-कंपन्यांची संघटना आयएएटीओ १९९१ साली स्थापन झाली. तिच्या नियमानुसार एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरवता येत नाहीत. शंभराहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजावर त्यामुळे पाळ्या लागतात, आणि पाळीची वाट पाहणे केबिनमध्येच होते. जाड कोट, बूट, लाइफ जॅकेट अंगावर चढवून चार मजले उतरायचे की एकच, हा प्रश्न दिवसातून दोनदा येतो. गुडघे दुखणाऱ्यांनी झोडियाकच्या दाराजवळची आणि लिफ्टला सोयीची केबिन पाहावी.

एकट्या प्रवाशाला पूर्ण केबिन हवी असल्यास दीडपट ते दुप्पट भाडे पडू शकते. पुष्कळ कंपन्या पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री सहप्रवासी जोडून देऊन हा जादा आकार टाळू देतात. तिघांच्या केबिनमध्ये बहुधा एक वरची बर्थ असते. समुद्र खवळलेला असताना शिडीवरून उतरणे ज्याला जमेल त्यानेच ती घ्यावी. मूळ संशोधनासाठी बांधलेल्या काही जहाजांवर स्वस्त केबिनना स्वतंत्र न्हाणीघर नसते, हे बुकिंगआधी विचारून घ्यावे लागते. पलंग जहाजाच्या लांबीला समांतर की आडवा, हेही पाहावे: रोलिंगमध्ये पहिल्यावर माणूस कुशीवरून कुशीवर लोळतो, दुसऱ्यावर डोके आणि पाय आळीपाळीने वर होतात. दोन्हींपैकी काय सोसते हे ज्याचे त्याला कळते.

डेकचे क्रमांक जहाजागणिक बदलतात. एकावरचा ‘डेक ३’ पाणरेषेलगत असतो, तर दुसऱ्यावरचा दोन मजले वर. म्हणून डेकच्या आराखड्याबरोबर जहाजाचे बाजूने काढलेले चित्र मागवून केबिन पाण्यापासून किती उंचीवर आहे ते त्यावरच मोजावे.